करवंटीच्या कोळशाचे पास-नापास

कोळशाचे पोते रिकामे केले की तळाशी वाटीभर भुकटी उरतेच. ती विकता येत नाही आणि टाकवतही नाही. आमच्या महिला सहकारी संस्थेच्या आठवणींचे तसेच झाले आहे. कोळसा केव्हाच जळून गेला. भुकटी माझ्याजवळ साचली. चार बायका जमल्या की कुणीतरी म्हणते, "बाई, ते रुमालाचं सांगा," आणि मला सांगावे लागते. ऐकताना आता सगळ्या हसतात. त्या वर्षी कुणी हसत नव्हते. मी तर नाहीच.

आधी पार्श्वभूमी सांगते, कारण अर्धवट सांगितलेले मला आवडत नाही.

दिंद्रुडच्या पलीकडे आमचे गाव. सलग तिसरे वर्ष कोरडे चालले होते. विहिरींचे तळ दिसत होते, जनावरे छावणीत होती आणि माणसांचा दिवस टँकरच्या वेळेवर चालत होता. दसरा झाला की गावातली निम्मी घरे कुलूप लावून ऊसतोडीला जात. यंदा आपल्याला जावे लागू नये, एवढ्याच हेतूने अकरा जणींनी मिळून संस्था काढली. त्यांतल्या सुमनचे बाळंतपण आदल्या वर्षी उसाच्या फडातच, पाचटावर झाले होते. ती मला म्हणाली होती, "बाई, कायबी काम सांगा. पर ह्या लेकराला घिऊन पुन्यांदा फडात नगं."

काम असे ठरले. मंगल कार्यालये आणि इडलीची हॉटेले यांच्याकडून नारळाच्या करवंट्या आणायच्या, पत्र्याच्या पिंपात जाळून त्यांचा कोळसा करायचा आणि तो हमरस्त्यावरच्या कादरभाईंना द्यायचा. कादरभाईंचे कबाबाचे हॉटेल होते. त्यांनी दसऱ्यापर्यंत माल पाहून घेण्याचे कबूल केले होते. पसंत पडला तर वर्षाची ऑर्डर, नाही तर नाही. ऑर्डर मिळाली नाही, तर अकराही जणी ऊसतोडीच्या मुकादमाच्या ट्रकमध्ये बसणार, हे कुणी बोलून दाखवत नसे. पण पोते शिवताना प्रत्येकीच्या मनात तेच असे.

कोळसा तपासण्याचे काम माझ्याकडे आले. मी जुनी मॅट्रिक, बालवाडीतून निवृत्त झालेली, आणि चूक दिसली की गप्प बसवत नाही हा माझा लौकिक. कबाब कसा दिसतो, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

* * *

पहिला धडा खुद्द कादरभाईंनी दिला. म्हणाले, "बाई, तीन गोष्टी बघा. वाजवून बघा, घासून बघा, पेटवून बघा. धूर झाला तर गिऱ्हाईक खोकतंय. ठिणगी उडाली तर त्याची दाढी जळती. दोन्हीत नाव माझंच जातंय."

मी ते वहीत लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी अकरा जणींना ओळीने बसवून शिकवले. तुकडा शहाबादी फरशीवर टाकायचा. काकणासारखा खणखण वाजला तर आतपर्यंत नीट जळलेला, म्हणजे पास. खापरासारखा बद्द वाजला तर आतून कच्चा. तो शेगडीत धूर करणार, म्हणजे नापास. बालवाडीतली मुले जेवढ्या उत्साहाने शिकत नसत, तेवढ्या उत्साहाने या बायका शिकल्या.

सर्वांत तयार झाल्या गयाबाई. वय साठीच्या पुढे, अक्षरओळख नाही. पण कान असा की पिशवीतल्या पिशवीत कच्चा तुकडा ओळखत. पुढे पुढे त्या दिसेल ती वस्तू वाजवून पाहू लागल्या. घागर, दार, दुकानातले नारळ. मी एकदा समज दिली की प्रत्येक वस्तू कोळसा नसते. त्यांनी मान हलवली आणि माझ्या टेबलावर टिचकी मारली.

त्याच आठवड्यात टँकर दोन दिवस उशिरा आला. गाव हंडे घेऊन उभे. ड्रायव्हरने खाली उतरून सांगितले की टाकी काठोकाठ भरलेली आहे, गडबड करू नका. गयाबाई पुढे झाल्या, टाकीवर वरपासून खालपर्यंत दगडाने तीन ठिकाणी वाजवले आणि माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर सांगितले, "बाई, निम्मा नापास."

झाकण उघडले. पाणी निम्म्यालाच होते. ड्रायव्हरने विचारले, "ही म्हातारी कोन हाय?"

सुमन म्हणाली, "कोळशाच्या खात्यातल्या हायत."

* * *

आता रुमाल.

चांगला कोळसा पांढऱ्या कापडावर घासला तर फिकट राखाडी रेघ उमटते. हलका कोळसा काजळासारखा माखतो. या परीक्षेसाठी मी माझा स्वतःचा पांढरा रुमाल वापरत असे. रेघ गडद दिसली की पोते बाजूला, मग कुणी कितीही काकुळतीला येवो.

त्या पंधरवड्यात टँकर आणखी लांबला. घरटी दोन घागरी मिळत होत्या, त्यात रुमाल धुण्याची चैन कुठली. मी त्याची कोरी बाजू शोधून शोधून काम चालवत होते. असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी मी पहिले पोते नापास केले. मग दुसरे. मग तिसरे. कादरभाईंचा टेम्पो तासाभरात येणार होता आणि त्याच्यात घालायला एकही पोते उरले नव्हते. एक जण पदराने डोळे पुसून पुन्हा चाळणी हलवू लागली.

पण नियम तो नियम.

तेवढ्यात सुमन बाळाला काखेत घेऊन आली, माझ्या हातातला रुमाल घेतला, आणि कोळशाला न लावता संस्थेच्या चुन्याच्या भिंतीवर घासला. भिंतीवर हातभर काळा पट्टा उमटला.

ती म्हणाली, "बाई, ही भिंतबी नापास करा."

तिन्ही पोती टेम्पोत गेली. संध्याकाळी अकराही जणींनी आपापल्या घागरीतले अर्धे अर्धे फुलपात्र पाणी माझ्या दारात आणून दिले. साडेपाच फुलपात्रांत मी तो रुमाल धुतला. ते काळे पाणी ओतून देऊ लागले, तर गयाबाईंनी माझा हात धरला. पिंपाच्या फटी लिंपायला माती भिजवायची होती.

* * *

एकदा सकाळीच निरोप आला: माल परत घेऊन जा. कारण सांगितले नव्हते. कारण न सांगता आलेला निरोप मला फार छळतो. मी गयाबाईंना सोबत घेऊन एस.टी.ने निघाले. वाटेत त्यांनी मला चार वेळा विचारले की आता ऑर्डर जाणार का, आणि मी चारही वेळा खिडकीबाहेर पाहिले.

कादरभाई नव्हते. त्यांचा नवा मॅनेजर होता. शर्ट इन केलेला, शिकलेला. त्याने एक पोते काट्यावर ठेवून दाखवले. नेहमीपेक्षा ते चांगलेच जड भरत होते. तो म्हणाला, "मॅडम, सरळ आहे. वजन वाढवायला पाणी मारलंय तुम्ही लोकांनी."

मी आयुष्यात कधी मापात लबाडी केलेली नाही. मला इतका संताप आला की वाक्यच जुळेना. मी शब्द शोधत असताना गयाबाई पोत्याजवळ गेल्या, वाकून त्यावर हात फिरवला, आणि अत्यंत मायेने त्याला म्हणाल्या, "लेकरा, खरंच पानी हाय का रं ह्यात? मग पिळून दे. घागर आनते."

मी बाकीची पोती कुठे ठेवली आहेत ते पाहिले. ती त्यांच्याच हात धुण्याच्या नळाखाली ठेवलेली होती आणि नळ गळत होता. मी ते वहीत नोंदवले. गयाबाई मात्र नळाकडे बघत राहिल्या. चालत्या नळाखाली कुणी भांडे ठेवलेले नाही, हे त्यांना पटतच नव्हते.

* * *

दुसऱ्या पिंपासाठी आम्ही सरकारी योजनेत अर्ज केला होता. पाहणीसाठी एक साहेब आले. भला माणूस, पण त्यांच्याजवळचा फॉर्म महिला गृहउद्योगांचा होता आणि त्यात पापड, लोणची, मसाले आणि शेवया एवढेच उद्योग होते. कोळसा कुठेच नव्हता. पुष्कळ विचार करून त्यांनी आम्हाला मसाल्यात घातले.

पुढे रकाने होते. रंग: काळा. वास: नाही. टिकाऊपणा: मी सांगितले, उत्तम. मग आला चवीचा रकाना.

मी म्हटले, "तो मोकळा सोडा."

ते म्हणाले, "बाई, एक रकाना मोकळा राहिला तरी फाइल परत येते. मग पुढच्या वर्षीच."

पुढच्या वर्षी आमच्यापैकी कोण गावात असेल, हाच प्रश्न होता. पण खोटे लिहून द्यायला मी तयार नव्हते. मी त्यांना म्हटले की ज्या वस्तूची चव कुणी घेतलेली नाही, तिच्याविषयी मी माझ्या सहीने काही लिहिणार नाही.

गयाबाई म्हणाल्या, "मी घ्येते की रोज."

आणि त्यांनी एक तुकडा उचलून खालच्या ओठाला लावून दाखवला. त्यांची ती स्वतःची परीक्षा होती. कोळसा आतपर्यंत कोरडा असेल तर ओलसर ओठाला किंचित चिकटतो. दमट असेल तर चिकटत नाही. साहेबांनी विचारले, काय लागते. त्या म्हणाल्या, "चिकट." साहेबांनी रकान्यात 'चिकट' असे लिहिले. ती वस्तुस्थिती असल्यामुळे मी सही केली.

महिन्याभराने कार्यालयाचे पत्र आले. पिंप मंजूर झाले होते. खाली एक सूचना होती: पदार्थाच्या चवीत सुधारणा करावी.

* * *

गयाबाईंची लेक लिंबागणेशला दिलेली. चतुर्थीला तिकडच्या गणपतीपुढे पुष्कळ नारळ फुटत, त्यामुळे ती पोतेभर करवंट्या पाठवून देई. पहिल्यांदा ते पोते आले तेव्हा सगळ्या जणी त्याच्याभोवती गोल करून उभ्या राहिल्या. देवापुढच्या नारळाच्या करवंट्या कबाबाखाली कशा घालायच्या? चर्चा झालीच नाही. सुमनने त्या वेगळ्या पिंपात टाकल्या आणि पिंपावर खडूने स्वस्तिक काढले. तो कोळसा मग आम्ही गावातल्या इस्त्रीवाल्याला देऊ लागलो.

मला वाटले होते, तिथे तरी तक्रारीला जागा नाही. पण एके दिवशी इस्त्रीवाला स्वतः संस्थेत आला आणि समोर एक पांढरा खादीचा शर्ट उलगडून ठेवला. पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा, अगदी टोकासकट. शर्ट आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांचा होता आणि त्यांना त्याच सकाळी छावणीच्या उद्घाटनाला जायचे होते.

मी विचारले, धूर झाला का? नाही. ठिणगी उडाली? नाही. मग कोळसा कच्चा निघाला का? तोही नाही.

"मग तुमची तक्रार काय आहे?"

तो म्हणाला, "बाई, तुमचा कोळसा थांबतच न्हाई. पयला कोळसा धा शर्टांत निवायचा, तवा माजा हात त्या बेतानं चालायचा. ह्यो पंधराव्या शर्टालाबी तसाच तापल्याला. मला जरा वाईट कोळसा द्या."

मी त्याला म्हटले की हे लेखी द्या. त्याने दिले. 'संस्थेचा कोळसा प्रमाणाबाहेर चांगला असल्याने माझे नुकसान झाले आहे.' खाली अंगठा नव्हे, सही. आमच्या संस्थेला मिळालेले ते पहिले प्रशस्तिपत्र. पुढारी त्या दिवशी जाकीट घालून गेले. ऊन मी म्हणत होते.

* * *

आता शेवटचे सांगते. हे मी फारसे सांगत नाही.

दसरा होऊन गेला. मुकादमाचा ट्रक फाट्यावर येऊन लागला. त्याने आमच्या अकरा जणींना संध्याकाळपर्यंतची मुदत दिली: यायचे तर बोचकी घेऊन या, नाही तर तुमच्या जागी दुसऱ्या बायका घेतो. त्याच दिवशी दुपारी कादरभाईंकडे एका लग्नाचे जेवण होते. त्यांनी मला निरोप पाठवला होता की आज चारही शेगड्यांत फक्त तुमचा कोळसा घालणार आहे. जेवण उठेपर्यंत धूर झाला नाही, तर वर्षाचा कागद करू.

मी सकाळच्या गाडीने निघाले तेव्हा सुमन फाट्यावरच उभी होती. बोचके बांधलेले, बाळ खांद्यावर. एस.टी. हलली तेव्हा ती ट्रककडे पाठ करून बसली.

बाहेर मी कुणाकडे जेवत नाही, म्हणून भाकरीचा स्टीलचा डबा बरोबर होता. तो हातात धरूनच मी शेगड्यांपाशी उभी राहिले. नाकाला पदर लावला होता. ती माझी सवय, त्यात अनादर नव्हता. आणि खरे सांगते, तो विस्तव पाहून मला पदराचा विसर पडला. चारही शेगड्या तांबूस पेटलेल्या, वर साखर भुरभुरावी तशी पांढरी राख, आणि धूर नाही. सळयांवरून चरबीचा थेंब पडला तर चर्रकन वाजून तिथेच संपत होता. आत पंगत बसली होती. कुणी खोकत नव्हते. मी मनात मिनिटे मोजत होते.

पंगत अर्ध्यावर आली आणि तिसऱ्या शेगडीच्या कडेला मला तो दिसला. बोटभर तपकिरी तुकडा, वर काथ्याचे दोन धागे. करवंटी आतून जळलीच नव्हती. त्यातून सुतासारखा धूर वर निघाला होता, आणि वारा आतल्या पंगतीकडे होता.

ते पोते मी स्वतः पास केले होते.

आचारी सळया आणायला आत वळला. मी आजूबाजूला पाहिले. चिमटा उचलला, तो तुकडा काढला, डबा उघडला, भाकरीवर ठेवला आणि झाकण दाबून लावले. हवा बंद झाली की विझेल, असा माझा हिशेब. मागे वळले तर कादरभाई समोर.

"बाई, जेवन केलं का?"

मी म्हटले, नंतर करीन.

"नंतर कावून? डबा तर हातातच हाय." त्यांनी खुर्ची मागवली. मी बसले. मग एक नवे कोरे ताट आले. तुम्ही आमच्याकडच्या भांड्यात जेवत नाही म्हणून हे कालच दुकानातून आणले, म्हणाले. डबा तापू लागला होता. मी तो डाव्या हातात घेतला, मग उजव्या, मग पदराची घडी खाली धरली. भाकरी करपल्याचा वास मला तरी स्पष्ट येत होता. झाकणाच्या कडेने एक बारीक रेघ बाहेर आली आणि मी त्यावर अंगठा दाबला.

कादरभाईंनी शेगड्यांवरून नजर फिरवली. आत पंगत उठत होती. माणसे हात धुऊन ढेकर देत बाहेर येत होती. मग त्यांनी माझ्या डब्याकडे पाहिले. फार वेळ नाही. मॅनेजरला हाक मारली आणि कागद आणायला सांगितला.

कागद आला. मी कुठलाही कागद दोनदा वाचल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, हे त्यांना माहीत होते. त्यांनी तो माझ्यापुढे धरला, "वाचून घ्या."

"वाचायची गरज नाही," मी म्हटले.

मॅनेजरने माझ्याकडे चमकून पाहिले. कादरभाईंनी खिशातून पेन काढले, ते उमटेना, कागदाच्या कोपऱ्यावर दोन वेळा गिरवले, मग सावकाश, पूर्ण नावाने सही केली. शाईवर फुंकर घातली. कागदाची घडी करून माझ्या मांडीवर ठेवली, कारण माझे दोन्ही हात गुंतलेले होते.

"बाई, सही झाली," ते हळूच म्हणाले. "आता त्यो डबा खाली ठिवा. हात भाजायलाय तुमचा."